उजवी खोली

रविवारी सकाळी साडेनऊला थोरल्यांच्या खोलीत खोटं बोलण्याचा सराव सुरू व्हायचा होता. तो दहाला सुरू झाला, कारण बिस्किटं कोणी आणायची यावर एकमत होईना. सख्ख्या बहिणीला खोलीबाहेर काढायचं, यावर मात्र याच मंडळींचं तीन महिन्यांपूर्वी पंधरा मिनिटांत एकमत झालं होतं, आणि त्यातही पाच मिनिटं चहा गाळण्यात गेली होती.

खोली थोरल्यांची, म्हणून अध्यक्षही थोरलेच. ते कॉटवर मधोमध, दोन उशांना टेकून, गळ्यात टेप घालून बसले होते. रविवारी शिंपीकामाचं दुकान बंद असलं तरी टेप उतरायचा नाही. त्यांच्या पायाशी थोरली, त्यांची बायको, मांडीवर बिस्किटांची बशी राखत. खुर्चीवर वकीलसाहेब. स्टुलावर धाकटा, म्हणजे थोरल्यांचा भाऊ. त्याला उद्या सकाळी अकरा वाजता कोर्टात जाऊन साक्षीच्या कागदावर शपथेनं सही करायची होती, आणि तो आत्तापासूनच दात काढून घ्यायला आल्यासारखा बसला होता. आणि दाराला टेकून धाकटी, त्याची बायको. तिला कोणी 'बस' म्हटलं नव्हतं. या घरात येऊन सतरा वर्षं झाली होती. म्हणतील कधीतरी, घाई कसली!

"आता विरुद्ध बाजूचा वकील कोणीतरी व्हायला हवा," वकीलसाहेब म्हणाले. "तो उद्यापरवा यांना आडवेतिडवे प्रश्न विचारणार. आपण आधीच विचारून बघू."

"टाचणीला बोलवा," थोरले म्हणाले. "तिला नाहीतरी तेवढंच येतं."

टाचणी ही धाकटीची मुलगी. दहावीत, अंगानं काटकुळी आणि स्वभावानं टोचणारी, म्हणून टाचणी. गेल्या महिन्यात ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती आणि तेव्हापासून घरात मीठ मागतानाही तीन मुद्दे मांडत होती. ती आली ती गिऱ्हाईकानं वर्षभर न नेलेला काळा कोट अंगात चढवूनच. बाह्या गुडघ्यापर्यंत.

"आधी दाव्याचा अर्ज वाचून दाखव," वकील म्हणाले. "सगळ्यांच्या कानावर एकदा जाऊ दे."

आणि हे फार आवश्यक होतं, कारण अर्ज गेल्या सोमवारीच कोर्टात दाखल झाला होता, थोरल्यांच्या शपथेसकट, आणि इथे बसलेल्या घरच्या एकाही माणसानं तो वाचला नव्हता. थोरल्यांनीही नाही. समोरच्यानं दिलेला कागद वाचून मग सही करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटायचं. फारच सरळ मनाचे गृहस्थ.

टाचणीनं घसा साफ केला.

"'वादीच्या वडिलांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या अक्षरात कागद करून घराची उजवी खोली, म्हणजे रस्त्यावरून घराकडे पाहता उजव्या हाताची खोली, वादीस कायमची दिली. प्रतिवादी ही वादीची बहीण. ती वडील वारल्यानंतर, चार वर्षांपूर्वी, पाहुणी म्हणून आली. वादीने मायेपोटी तिला सदर खोलीत राहू दिले. तेव्हापासून सदर खोली तिच्या ताब्यात असून ती खोली सोडत नाही.'"

"मायेपोटी," थोरली हळवी होऊन म्हणाली. "किती छान लिहिलंय हो!"

आता यातलं खरं किती? 'बहीण' हा शब्द खरा. बाकी वन्सं, म्हणजे धाकटीची नणंद, या घरात परतून एकोणीस वर्षं झाली होती. लग्न मोडून एक सुटकेस आणि एक हातमशीन घेऊन त्या आल्या, तेव्हा मामंजींनी एक शब्दही न विचारता ती खोली रिकामी करून दिली. तेव्हापासून दुकानातल्या प्रत्येक कोटाचं, प्रत्येक सदऱ्याचं बटणांचं हातकाज वन्संनी त्या खोलीत बसून घातलं. अख्ख्या शहरात तसं काज कोणाला येत नव्हतं. पण थोरल्यांना आता शोरूम करायचं होतं. भिंत पाडायची, काच लावायची, तीन बाजूंनी आरसे असलेली ट्रायल रूम काढायची. वन्सं नेमक्या त्या आरशांच्या जागी बसत होत्या.

राहिला मामंजींचा कागद. तो जुन्या मापांच्या डब्यात सापडला. म्हणजे सापडला नव्हता, सापडवला होता. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि कागदाला तीन महिने. अक्षर वकीलसाहेबांच्या कारकुनाचं. त्या बिचाऱ्याला जुन्या वळणाचं लिहिता येत होतं, हा काय त्याचा दोष?

पण धाकटीचं लक्ष कागदावर नव्हतंच. 'रस्त्यावरून घराकडे पाहता' हे शब्द ऐकले आणि तिला पदर तोंडावर धरून खोकावं लागलं.

"पाणी पी," धाकटा म्हणाला.

पाणी कसलं पिते! हसू गिळत होती ती.

गोष्ट अशी होती. शिंप्याच्या घरात उजवं म्हणजे घालणाऱ्याचं उजवं, बघणाऱ्याचं नव्हे. कोटाचा डावा खिसा म्हणजे कोट घातलेल्या माणसाच्या डाव्या हाताचा. समोर उभा राहून माप घेणाऱ्यानं 'माझा डावा' म्हटलं की कोट कामातून गेला. मामंजींच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की त्यांनी ते घरालाही लावलं. घर रस्त्याकडे तोंड करून उभं आहे, मध्ये दुकान, दोन बाजूंना दोन खोल्या, म्हणजे दोन बाह्या! घराच्या उजव्या हाताची ती उजवी खोली. ती वन्संची. डावी थोरल्यांची. पोरांनी बोलायला शिकतानाच हे शिकून घेतलं. रस्त्यावरून बघणाऱ्या माणसाला मात्र सगळं उलट दिसतं.

आणि कारकून बिचारा शिंपी नव्हता. थोरले म्हणाले 'उजवी', त्यानं लिहिली उजवी, वर समजूतदारपणे 'रस्त्यावरून पाहता' अशी पुस्ती जोडली. अर्जातही आणि मामंजींच्या तीन महिन्यांच्या अक्षरातही.

म्हणजे थोरल्यांनी शपथेवर काय सांगितलं होतं? की ही खोली, जिच्यात आत्ता ते दोन उशांना टेकून बसले आहेत, ही वडिलांनी त्यांना दिली. आणि चार वर्षांपासून हिच्यात त्यांची बहीण ठाण मांडून बसली आहे!

कोणालाच काही खटकलं नाही. 'उजवी' हा शब्द ऐकला की या घराचे कान पुढचं ऐकायचे थांबत. धाकटी बाहेरून आलेली, म्हणून तिला ऐकू आलं.

तिला गप्पच बसायला हवं होतं. गप्प बसली की वन्संची खोली सुरक्षित. दावा त्यांच्या खोलीवर नव्हताच मुळी. पण उद्या अकरा वाजता तिचा नवरा त्याच खड्ड्यात, शपथ घेऊन, उडी मारणार होता.

"साक्षीदार," टाचणीनं लांब बाही झटकली, "आजोबांनी काकांना कागद दिला, तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"होतो," धाकटा म्हणाला.

"काय करत होतात?"

"मी... शिवत होतो."

"काय?"

"पँट."

"कोणाची?"

धाकट्यानं थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी बिस्किटाकडे पाहिलं.

"पँट गिऱ्हाइकाची गं," धाकटा म्हणाला. "माझी कशाला शिवू मी?"

"प्रतिवादी, म्हणजे आत्या, तेव्हा कुठे होती?"

"ताई? ताई तिच्या खोलीत... म्हणजे नव्हती! ती नव्हतीच. ती चार वर्षांपूर्वी आली."

"मग माझ्या बारशाची कुंची कोणी शिवली? आईनं तर सांगितलं, आत्यानं. मी पंधरा वर्षांची आहे."

"कुंची पोस्टानं आली!" थोरले कॉटवरून ओरडले.

"वादीनं साक्षीदाराला उत्तरं पुरवू नयेत," टाचणी गरकन वळून म्हणाली. "आणि खोटा दावा करणं हा गुन्हा आहे ना, वकीलकाका?"

"तू अभ्यासाचं बघ," वकीलकाका म्हणाले. "पाच मिनिटं सुट्टी."

सुट्टीत धाकटीनं नवऱ्याला दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलापाशी गाठलं.

"उद्या जाऊ नका."

"असं कसं? दादाला शब्द दिलाय."

"ताप आलाय म्हणा. पाय मुरगळला म्हणा. नाहीतरी खोटंच बोलायचंय, मग घरबसल्या बोला की!"

"तुला कळत नाही," धाकटा हळू आवाजात म्हणाला. त्यानं मान वर करून दाराबाहेर पाहिलं. तिथून बोर्डाची मागची बाजू दिसत होती. बोर्डावर थोरल्यांचं नाव होतं आणि पुढे 'आणि बंधू'. वीस वर्षं धाकटा त्या 'आणि'च्या पलीकडे उभा होता. "नवीन शोरूमच्या बोर्डावर माझं नाव येणार. पूर्ण नाव. दादानं सांगितलंय."

"आणि वन्संचं काय?"

 इस्त्रीच्या टेबलावर एक कॉलर पडली होती, ती त्यानं उगाच सरळ केली. "ताईला वरची माळ्याची खोली देऊ म्हणतो दादा."

"माळ्यावर उजेड नाही. काज अंधारात घालतात का?"

"मला काय विचारतेस!"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडी हिंमत लागते. त्याला चूक सांगावी, तर हा आनंदानं धावत जाऊन दादाला सांगेल, दादा शाबासकी देईल, आणि वन्सं माळ्यावर जातील. न सांगावी, तर उद्या हा स्वतः अडकेल. मग तिनं ठरवलं की दोन भावांना भांडवायचं, म्हणजे हा उद्या आपणहूनच जाणार नाही. ते काही अवघड नव्हतं. फक्त सुई कुठे खुपसायची ते कळायला हवं.

सगळे परत जागेवर बसल्यावर ती दारातूनच, अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, "भाऊजी, यांचं नाव बोर्डावर नेमकं कुठे येणार?"

"येणार की," थोरले म्हणाले. "डावीकडे."

"डावीकडे?" धाकटा स्टुलावरून उठलाच. "उजवीकडे ठरलं होतं!"

"उजवीकडे मी. थोरला कोण आहे?"

"मग मी पुन्हा शेवटीच? वीस वर्षं बंधू होतो, आता शेपूट होऊ?"

धाकटी मनातल्या मनात टाळ्या पिटत होती. तेवढ्यात वकीलसाहेबांना मध्यस्थीची हुक्की आली.

"अहो, यात भांडण कसलं? धाकट्यांना उजवी बाजू देऊन टाका. लोक डावीकडून वाचतात. पहिलं नाव तुमचंच येईल!"

"डावीकडून कसं?" थोरले म्हणाले. "पहिलं नाव उजवीकडेच असतं."

"डावीकडून वाचतात हो. सगळं जग वाचतं."

"वाचणाऱ्याच्या डावीकडून! म्हणजे बोर्डाच्या उजवीकडून. वकीलसाहेब, कोटाचा उजवा खिसा कोणाच्या उजवीकडे? बघणाऱ्याच्या की घालणाऱ्याच्या? बोर्डाचा उजवा म्हणजे बोर्डाचा उजवा. साधी गोष्ट आहे."

धाकटीनं जीभ चावली. पण उशीर झाला होता. वकीलसाहेबांचं बिस्कीट चहात पडून बुडालं आणि त्यांनी ते बुडू दिलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "तुमच्या या घराची उजवी खोली कोणती?"

"ती. ताईची," थोरल्यांनी दुकानापलीकडे बोट केलं.

"आणि ही?"

"ही डावी. असं काय विचारता?"

वकीलसाहेब उठले. अर्जाची प्रत घेऊन, दुकानातून, पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर गेले. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं. ते घराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला. हात थोरल्यांच्या खिडकीकडे गेला. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला आणि पुन्हा हात वर केला, जणू मधल्या वेळात घर वळलं असेल तर! शेजारून जाणाऱ्या एका बाईनं ओळख समजून त्यांना हात हलवला.

परत आले ते घामानं डबडबून.

"तुम्ही स्वतःच्याच खोलीवर दावा लावलाय."

मग जो गोंधळ झाला तो सगळा लिहायचा तर वेगळं प्रकरण लागेल. थोरले वकिलांवर ओरडले, वकील कारकुनावर ओरडले, जो तिथे नव्हता. थोरली म्हणाली, "अहो, एवढं काय, तो शब्द खोडून नीट लिहा."

"अर्ज दुरुस्त होईल, वहिनी. पण वडिलांचा कागद? मूळ कागद कोर्टात जमा आहे. त्यातही हेच लिहिलंय."

"मग तो दुसरा करा."

"तो तुमच्या सासऱ्यांनी अठरा वर्षांपूर्वी लिहिलाय."

"काहीतरीच! तो तर तुमच्या कारकु..."

"सासऱ्यांनी!" वकील किंचाळले.

"मग दावाच मागे घ्या," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "चूक झाली म्हणा. संपलं."

वकीलसाहेब बसले. चष्मा काढला. आणि मग त्यांनी, इतके दिवस कुठल्यातरी बॅगेच्या तळाशी जपून ठेवलेली माहिती बाहेर काढली. दावा मागे घेता येतो. पण तो खोटा आहे हे माहीत असताना, दुसऱ्याचं नुकसान करायला कोर्टात दाखल केला, की गुन्हा तिथेच पुरा होतो. मग हरा, मागे घ्या, माफी मागा. ती बहीण उद्या उठून म्हणाली की हे सगळं ठरवून खोटं होतं, तर दोन वर्षांपर्यंत आत.

"आत म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"आत म्हणजे आत, काकू," टाचणी म्हणाली. "तिथे उजवं-डावं काही नसतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?" थोरले.

"तुम्ही जिंकणार होतात. जिंकणाऱ्याला कोण विचारतं?"

 मग वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. धाकटीला तो आवडला नाही.

"एक मार्ग आहे. या घरात 'उजवी' म्हणजे उलटी, हे सिद्ध करायचं. वडील शिंपी, शिंप्याचं उजवं ते घालणाऱ्याचं. 'रस्त्यावरून' वगैरे त्यांनी चुकून लिहिलं. कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. भाऊ नको, तो घरचाच. बाहेरून आलेलं कोणी. ज्याला हे नव्यानं शिकावं लागलं."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"धाकटे," थोरली एकदम मधाळ झाली, "अगं उभी का? ये, बस ना!" आणि तिनं चक्क बशी सरकवली. दोन बिस्किटं उरली होती.

धाकटी बसली. गंमत बघा. तीन महिने या खोलीत खोट्याचे तागे उलगडले गेले, कापले गेले, शिवले गेले. आणि आता त्यांना एक खरं वाक्य हवं होतं. अख्ख्या खटल्यातलं एकुलतं एक! या घरात उजवी म्हणजे वन्संची खोली. शंभर टक्के खरं. ते तिनं म्हटलं की वन्सं माळ्यावर.

"यात खोटं काहीच नाही हो," वकील समजुतीनं म्हणाले. "तुम्ही फक्त जे खरं आहे ते सांगायचं."

"खरं तेच सांगू?"

"अगदी खरं तेच."

"सगळं?"

"हो हो, सगळं."

धाकटीनं एक बिस्कीट उचललं. घाई नव्हती.

"मग मी सांगते. मला कसं कळलं असं विचारतील ना? सतरा वर्षांपूर्वी, मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मामंजींनी माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाले, 'पोरी, उजव्या खोलीत जा.' मी रस्त्यावरून येणारी, मी माझ्या उजवीकडची खोली धरली. म्हणजे ही. दार ढकललं. आत भाऊजी. कमरेला टॉवेल, आणि आरशासमोर पोट आत ओढून उभे."

टाचणीनं बाही तोंडात कोंबली.

"हे सांगायची काय गरज?" थोरले.

"सगळं सांगायचंय ना, भाऊजी. मी किंचाळले, भाऊजी किंचाळले, मामंजी धावत आले. म्हणाले, 'अगं, ही नव्हे! उजवी म्हणजे घराची उजवी. तिकडे, ताईच्या खोलीत. ती बघ बसलीय तुला काज शिकवायला.' तेव्हापासून मी उजवं-डावं कधी चुकले नाही."

ती थांबली आणि बिस्किटाचा तुकडा मोडला.

"फक्त एक आहे, वकीलसाहेब. सतरा वर्षांपूर्वी वन्सं तिथे बसल्या होत्या, हे त्यातच आलं. आणि तुमच्या अर्जात त्या चार वर्षांपूर्वी आल्यात. त्या तिथे नव्हत्या म्हणावं, तर मला उजवं शिकवलं कोणी?"

वकीलसाहेबांनी अर्जाची घडी घातली, मग त्या घडीची घडी.

"ही साक्ष नको," ते म्हणाले.

धाकटा मात्र बायकोकडे बघत होता, शिवून झालेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्यांदा बघतात तसं. "पोट आत ओढून?" त्यानं हळूच विचारलं.

आणि तेवढ्यात दुकानातून फरशीवर काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज आला.

दारात वन्सं उभ्या होत्या. कपाळावर चष्मा चढवलेला, काखेत उशी, एका हातात कोर्टाचा कागद. दुसऱ्या हातानं त्यांनी हातमशीन लाकडी झाकणासकट चटईवर ठेवून ओढत आणलं होतं. सकाळपासून दुकानापलीकडून त्यांना यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. कोणी त्यांना बोलावलंही नव्हतं.

"काल संध्याकाळी कोर्टाचा माणूस हे देऊन गेला," त्या दम घेत म्हणाल्या. "दोनदा वाचलं. मग एकदा रस्त्यावर जाऊन वाचलं."

"ताई, ते जरा..." थोरले म्हणाले.

"नाही रे दादा, मला वाईट नाही वाटलं. आधी वाटलं. रात्रभर वाटलं. मग नीट वाचलं. माझ्या खोलीबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. ती तशीच माझी. पण ही खोली, रस्त्यावरून उजव्या हाताची, ही चार वर्षं माझ्या ताब्यात आहे, असं तू शपथेवर लिहिलंयस. मला ठाऊकच नव्हतं! एवढी मोठी खिडकी माझी, आणि मी तिकडे डोळे फोडून घेतेय."

"ती चूक झालीय," थोरली म्हणाली. "ते खोटं..."

"वहिनी!" वकील ओरडले. मग थोरल्यांच्या कानाशी वाकले, पण खोली लहान होती आणि कुजबूज मोठी. "काही बोलू नका. 'हे खोटं' असं तुमच्या तोंडून निघालं, की शपथ खोटी. आणि ही आत्ता जे म्हणतेय त्याला साक्षीदार पाच."



"आणि मी ती सोडत नाही, असंही लिहिलंयस," वन्सं कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "बरोबर आहे. नाही सोडत. तू कोर्टात जाऊन, सगळ्यांसमोर, 'मी बहिणीवर खोटा दावा लावला' असं जोवर म्हणत नाहीस, तोवर मी इथेच."  त्यांनी उशी दुसऱ्या काखेत घेतली. "एकोणीस वर्षं, दादा. पाहुणी?"

 मग धाकटा स्टुलावरून उठला. दारापर्यंत गेला आणि वाकून त्यानं मशीनची एक बाजू धरली.

"ताई, एकटी ओढू नकोस, कंबर धरेल. खिडकीशी ठेवायचं ना?"

"धाकट्या," थोरले म्हणाले, "उद्या अकरा वाजता..."

"उद्या जमणार नाही, दादा," धाकटा मशीन उचलत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच नवा वाटला असावा, कारण तो मध्येच थांबून पुन्हा म्हणाला, "नाही जमणार. ताईचं सामान हलवायचंय."

धाकटीनं पटकन दुसरी बाजू धरली. टाचणीनं कोटाच्या बाह्या दुमडल्या आणि उशी घेतली. वकीलसाहेबांनी खुर्ची सरकवून वाट करून दिली. वाट करून देणं हे त्यांचं त्या दिवसातलं पहिलं कायदेशीर काम. मशीन खिडकीखाली टेकलं. वन्संनी झाकण काढलं, पडदा बाजूला सारला, उजेड सुईखालच्या पट्टीवर नीट पडतो का ते पाहिलं. पडत होता.

मग त्या वळल्या आणि कॉटकडे पाहिलं.

"दादा, ऊठ," त्या म्हणाल्या. "तू माझ्या कॉटवर बसलायस."

थोरल्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी होकाराची मान हलवली.

थोरले उठले.